हळदीच्या वाफेतली होडी

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी पाचवीच्या भूगोलातच शिकलो होतो. तरीही माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड तपासणी यंदाच्या चैत्रात तिथे झाली, आणि तीही मी रजेवर असताना.

माझं काम आधी सांगून टाकतो, कारण आमच्या तांड्यावरच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी जहाज चालवतो. मी जहाजांचे तळ तपासतो. जहाज महिनोन्‌महिने पाण्यात राहिलं की त्याच्या पोटाला शेवाळ धरतं, शेवाळावर पांढरी कवचं बसतात, कवचांच्या आडोशाला शिंपले वाढतात. हे सगळं बिऱ्हाड एका देशातून दुसऱ्या देशात फुकट प्रवास करतं आणि नव्या बंदरात उतरून तिथल्यांना हुसकावून लावतं. पाणबुड्या खाली कॅमेरा फिरवतो, मी वर पडद्यासमोर बसतो. जहाज सुक्या गोदीत आलं की बॅटरी घेऊन स्वतः तळाखाली शिरतो. नको ते दिसलं की जहाज बाहेर उभं करतो. कप्तान चिडतात आणि मालक फोन करतात. मला त्याची सवय झाली आहे, किंवा झाली आहे असं मला वाटत होतं.

या खेपेला मी गेलो होतो आईला आणायला. आम्ही गोरमाटी बोलणारे, आमच्यात आईला याडी म्हणतात. माझे वडील, बापू, गेल्यापासून ती तांड्यावर एकटीच राहते. गेल्या पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडली, तेव्हापासून मी तिच्यामागे धोशा लावला होता. बंदरावरच्या आमच्या घरात तिची खोली तयार होती. खिडकीतून खाडी दिसते, इमारतीला लिफ्ट आहे. शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. “जुन्या तांड्यावर एकडाव भोग लावते. मंग तू नेशील तिथं येते,” असं तिनं फोनवर सांगितलं. भोग म्हणजे आमच्यात पूर्वजांच्या नावानं विस्तवावर वाहायचा नैवेद्य.

आता जुना तांडा धरणाच्या पोटात आहे. पाण्याबाहेर राहिलीय ती त्याच्या माथ्याची टेकडी, चारी बाजूंनी पाणी असलेली.

मंगळवार, सेनगाव

रेल्वेचा प्रवास वगळतो, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. हिंगोलीहून सेनगावला एसटीनं आलो आणि तिथून जीपमध्ये बसलो. दहा जणांच्या जीपमध्ये चौदावा मी. माझ्या मांडीवर कुणाचं तरी शेवयांचं गाठोडं होतं. मालकीणबाई मागच्या बाकावरून दर वळणाला “दाबू नगा बरं साहेब” म्हणून बजावत होत्या. बंदरावर माझी सही झाल्याशिवाय जहाज हलत नाही. इथे एका गाठोड्यानं मला तासभर हलू दिलं नाही.

बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावरचे पानं झडलेले पळस, आणि मध्येच कुठे तरी हळदीच्या चुलाणाचा धूर. आमच्याकडे हे दिवस हळद शिजवायचे. खणून काढलेले कंद मोठ्या लोखंडी पिंपांत भरतात, शेजारच्या बॉयलरची वाफ नळीनं त्यात सोडतात. त्या सगळ्याला मिळून आम्ही कुकर म्हणतो. तो वास जीपमध्ये शिरला आणि मला भडभडून आलं. कोकणात राहून मला मासळीचा, डांबराचा, ओल्या दोरखंडाचा वास आवडायला लागला आहे, पण ते सगळे वास मोठेपणी ओळखीचे झालेले. हा वास अंगात मुरलेला. शाळेतून आलो की याडीच्या पदराला हाच वास असायचा.

तांड्यावर उतरलो तर थावरूकाका सामोरा आला. हा बापूंचा धाकटा भाऊ, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ अजून सरळ.

“आलास का? होडी उद्या येऊन राहिली,” त्यानं हातपाय धुवायच्या आधीच सांगितलं. “टेम्पो माजलगावापर्यंत आलाय. मी पुढं जीपनं आलो, म्हनलं तुझ्या आधी घरी पोचावं.”

याडीच्या भोगासाठी आणि पलीकडच्या रानात ये-जा करायला काकानं कोकणातल्या एका खाडीवरून इंजिनाची जुनी लाकडी होडी घेतली होती आणि टेम्पोत घालून तो स्वतः ती आणत होता. दोन महिन्यांपूर्वी त्यानं मला तिचा फोटो पाठवला होता. मी गाडीत होतो, एक नजर टाकली आणि ‘छान आहे’ म्हणून कळवलं. कुठल्याही जहाजाला मी फोटो बघून कधी होकार दिलेला नाही. घरच्या होडीला दिला.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. कोकणात मी तांदळाची भाकरी आनंदानं खातो, पण ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा तव्यावर फुगतो तो आवाज तिला नाही. याडीनं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. परतीची दोन तिकिटं रविवारची होती.

बुधवार, तांडा

सकाळी टेम्पो आला तेव्हा सगळा तांडा पाण्याच्या काठी जमला होता. होडी ओल्या गोणपाटांत नखशिखान्त गुंडाळलेली. काकानं तिला झेंडूचा हार घातला आणि नारळ माझ्या हातात दिला.

“फोड. जहाजाचा साहेब घरात असताना दुसऱ्यानं काहून फोडावा?”

मी नारळ काखेत धरला आणि गोणपाट वर करून सवयीनं हात होडीच्या पोटाखाली घातला. बोटांना खरखरीत लागलं. वाकून बघितलं. तळाच्या मधल्या फळीच्या कडेनं, दोन फळ्यांच्या सांध्यांत, नखाएवढे काळपट शिंपले दाटीनं बसले होते. कोकणात शिनाणे खातात त्यांच्याच नात्यातले, पण बाहेरदेशाहून आलेले. दोन-तीन किंचित उघडे होते. मी बोट लावलं तसे ते मिटले.

जिवंत होते. दोन दिवस टेम्पोत, चैत्राच्या उन्हात, आणि जिवंत.

“काका, वाटेत होडीवर पाणी मारत होतास का?”

काकाचा चेहरा खुलला. “मंग! दर मुक्कामाला. आधी हिला पाजलं, मंगच मी च्या प्यालो. म्या उतरलो तवा ड्रायव्हरला शपथ घातली, तू बी तसंच कर म्हनलं.”

आमचे पूर्वज लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे, त्याला लदेणी म्हणत. लदेणीचा एकच कायदा काकानं आम्हा पोरांना पाठ करून दिला होता: मुक्कामाला पोचलं की आधी जनावर पाणी पिणार, मग माणूस. लादायची जनावरं कधीच संपली, पण काकाच्या लेखी जे ओझं वाहील ते जनावर. म्हणून त्यानं होडीला पाणी पाजलं होतं. कोरडी आली असती तर हे शिंपले बरेचसे वाटेतच मेले असते. काकाच्या मायेनं ते तगले.

मी नारळ खाली ठेवला. “होडी पाण्यात घालता येणार नाही.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मी सांगायला लागलो. हे समुद्रातले असले तरी गोड्या पाण्यातही तग धरतात. एकदा धरणात पडले की मोजता येणार नाहीत इतके होतात. शेताला पाणी चढवणाऱ्या मोटारींच्या नळात बसतात, नळ बुजतो. भोयांच्या जाळ्यांना चिकटतात. काढायला औषध नाही. इथल्या पाण्यात ते जगतीलच याची मला खात्री नव्हती, पण माझ्या धंद्यात खात्री नसली की उत्तर ‘नाही’ असतं, हेही सांगितलं.

“धुऊन टाकू की,” कुणी तरी म्हणालं.

“इथं नको. होडी काठापासून दोनशे पावलं वर न्या. थेंबही पाण्यात उतरता कामा नये.”

“किती दिवस?” काकानं विचारलं.

“उन्हात कडकडीत वाळवायची. महिनाभर तरी.”

काका म्हणाला, “तुझी याडी रविवारी जाऊन राहिली.”

“माहीत आहे.”

“फोटो धाडला व्हता तुला म्या. तवा तोंडात काय व्हतं?”

काकानं होडीच्या गळ्यातला हार काढला, शांतपणे घडी करावी तसा हातावर गुंडाळला आणि घराकडे निघून गेला. जहाजांचे कप्तान माझ्यावर ओरडले आहेत, एकानं टोपी फेकली होती. पण एवढं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नाही.

याडी एका दगडावर बसली होती, मांडीवर भोगाचं ताट. तूप, गूळ, लापशी. ती एवढंच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुझं काम हाय ते.”

गुरुवार, शांताबाईचं रान

काका दिवसभर बोलला नाही. मी याडीबरोबर काठानं हिंडलो. पाणी खाली गेल्यामुळे ओलसर गाळाचा पट्टा उघडा पडला होता. लहानपणी आम्ही याच गाळात खापरं शोधायचो. कुणाला रांजणाचा काठ सापडायचा, कुणाला जात्याचा तुकडा, आणि पोरं भांडायची, हे आमच्या घरचं, हे तुमच्या घरचं. मला कधी आमच्या घरचं काही सापडलं नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटायचं. आज उगाच दोनदा वाकून बघितलं.

याडी टेकडीकडे बघत सांगत होती. नवी नवरी म्हणून ती जुन्या तांड्यावर आली, त्याच्या तिसऱ्या वर्षी पाणी चढलं. पहिल्यांदा चूल मांडली ती तिथेच. “माती सासूनं मळली, आकार म्या दिला. निघताना म्हनलं चूल खणून नेऊ. तुझा बाप म्हनला, चूल कुनी नेत असतं व्हय? ऱ्हायली.” तेव्हापासून एवढ्या वर्षांत ती टेकडीवर गेलेली नव्हती. भोयांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसायची तिची छाती नव्हती, आणि त्यावर तिला बसवायची माझीही नाही.

वाटेत शांताबाईचं रान लागलं. ही आमच्या आळीतली, दोन पोरींना घेऊन स्वतः हळदीचा कुकर चालवते, गावोगाव भाड्यानं नेते. चुलाण धडधडत होतं. पिंपाचं झाकण उघडलं आणि पिवळी वाफ आमच्या अंगावर आली. शांताबाईनं एक कंद काढून त्यात काडी खुपसून पाहिली, काडी आरपार गेली. “झाली,” ती म्हणाली आणि मला हसली. “काय साहेब, तुमची होडी उपाशीच ऱ्हायली म्हनं.”

याडी त्या कंदाकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “हळद काहून शिजवतेत रे?”

“वाळायला सोपी जाते. रंग...”

“ते हायच. पर कच्ची ठिवली तर कोंब फुटतो तिला. शिजवली की जीव जातो, मंग फुटत न्हाई.” तिनं वाफेच्या नळीकडे बोट केलं. “मंग तुझे ते शिंपले शिजव की.”

मोठ्या बंदरांमध्ये छोट्या बोटींना गरम पाण्यानं आणि वाफेनंच धुतात. हे मला पाठ होतं. कागदावर पाठ होतं. ज्या रानात मी लहानाचा मोठा झालो तिथे त्याचं यंत्र उभं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवार आणि शनिवारची सकाळ

होडी शांताबाईच्या खळ्यावर आणली, कडेनं चर खणला, म्हणजे गळेल ते पाणी जमिनीतच जिरावं. पिंपाची नळी काढून शांताबाईनं होडीच्या पोटाखाली लावली. वाफ सांध्यात शिरली तसे शिंपले एकेक करून उघडले, ते पुन्हा मिटले नाहीत. इंजिनाला गार पाणी पुरवणाऱ्या नळात अर्धा तास वाफ सोडली. तिथून तर ओंजळभर निघाले. खुरप्यानं खरवडून सगळे चुलाणात टाकले. नळीत मुरलेली हळद उतरून होडीचं पोट पिवळंधमक झालं, तेव्हा तांड्यावरच्या बायकांच्या थट्टेला ऊत आला.

“नवरीला हळद लागली, आता नवरदेव कुठाय?”

“हा काय साहेब! नको नको म्हनत व्हता, आता पोटाखालून निघंना.”

काका लांब लिंबाखाली बसून बघत होता. संध्याकाळी मी बॅटरी घेऊन दोनदा सगळा तळ पाहिला, बोटं फिरवली आणि म्हणालो, “स्वच्छ.”

तेव्हा काका उठला. बुधवारपासून पहिल्यांदा माझ्याजवळ आला, धोतर खोचून होडीमागे बसला आणि सुकाणूच्या बिजागरीत बाभळीचा काटा घालून हळूहळू फिरवला. काट्याच्या टोकाला एक शिंपला बाहेर आला. त्यानं तो तळहातावर ठेवला. बोट लावलं. शिंपला मिटला.

“बैलाच्या खुरात खडा कुठं बसतो म्हाईत हाय का? जिथं हाड वळतं तिथं. तळव्यात न्हाई घावत.” आणि मग, “तुमच्या जहाजाला वळायची जागा न्हाई व्हय?”

आहे. मी ती हजार वेळा तपासली आहे, आणि घरच्या खळ्यावर, घरच्यांच्या हसण्यात, विसरलो होतो. शनिवारी सकाळी आम्ही सुकाणू उतरवलं, बिजागरी सुटी केली आणि पुन्हा तासभर वाफ दिली. या वेळी मी काकाच्या मागे मागे फिरलो. तो काटा घालायचा, मी बॅटरी धरायचो. शेवटी ‘स्वच्छ’ तोच म्हणाला, आणि मग मी.

शनिवार दुपार, पाणी

होडी पाण्यात उतरली. चार दिवसांत फळ्या सुकून थोड्या फाकल्या होत्या, म्हणून पाणी झिरपत होतं; शांताबाईची थोरली पोर डब्यानं उपसत बसली. काकानं इंजिन चालवलं. याडी मध्ये बसली होती, ताट मांडीवर, पदर दातात धरलेला.

टेकडीवर वाळलेलं गवत आणि बगळ्यांची विष्ठा याशिवाय काही नव्हतं. याडीनं तीन दगड मांडले, गोवऱ्यांचा विस्तव केला आणि त्यावर तूप आणि लापशी वाहिली. धूर सरळ वर गेला. तिनं बापूंचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, आणि मग अशी काही नावं घेतली की जी मी कधी ऐकली नव्हती. ती बैलांची होती, असं काका नंतर म्हणाला.

परत येताना टेकडीपासून थोडं पुढे आल्यावर तिनं हात वर केला. “इथं थांब.”

काकानं इंजिन बंद केलं. तिनं मागे टेकडीच्या टोकाकडे पाहिलं, मग समोरच्या खिंडीकडे, मग जरा डावीकडे जायला सांगितलं. “हां. चूल इथं खाली.” तिनं हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मी बंदरावर रोज पाण्याखालची चित्रं बघतो, गढूळ पाण्यातला खिळासुद्धा ओळखतो. तिथे मला काहीच दिसत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हात न काढताच ती म्हणाली, “ते शिंपले दुसऱ्या पाण्यात गेल्यावर किती दिवस ऱ्हातेत रे?”

“काही लगेच मरतात,” मी सांगायला लागलो. “काही तगतात. पाणी किती वेगळं आहे त्यावर असतं. कोवळे असले तर रुजतात. जुने, फार दिवस एकाच जागी बसलेले, त्यांना काढलं की...”

मी बोलायचा थांबलो. याडी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, लहानपणी मी चुकीचा पाढा म्हटल्यावर बघायची तशी.

“म्या येत न्हाई बाबू,” ती म्हणाली. “भोग लावला तर मन सुटंल असं वाटलं व्हतं. न्हाई सुटलं. आता तर होडी बी हाय.”

मी तिला ओट्यावरून पडल्याची आठवण करून दिली. खोलीबद्दल, खिडकीबद्दल, डॉक्टरबद्दल सांगितलं. मला रागही आला होता. एवढी खटपट केली ती तिला न्यायला, आणि तिनं त्याच खटपटीचा उपयोग न येण्यासाठी केला. काका इंजिनाच्या दोरीशी उगाच खेळत राहिला. तो शेवटी एवढंच म्हणाला, “तिच्या ओट्याला कठडा बसवतो म्या. तू जा बिनघोर.” मी हळूहळू गप्प झालो. माझ्याकडे खात्रीचं उत्तर नव्हतं, आणि खात्री नसली की काय करायचं, हे मीच तीन दिवसांपूर्वी सगळ्या तांड्याला ऐकवलं होतं.

रविवार

तिचं गाठोडं सोडलं. त्यातला पितळी तांब्या पुन्हा फळीवर गेला, गोधडी खाटेवर गेली. एक तिकीट रद्द केलं.

सेनगावच्या जीपपर्यंत ती चालत आली, काठी टेकत, आणि मी हात धरायला गेलो तर तिनं धरू दिला. जीप भरायला वेळ होता. तिनं हळदीच्या सुक्या कंदांची पुरचुंडी सुनेसाठी दिली. मग खिडकीतून हात आत घालून माझी मान धरली.

“पुन्हा लवकर ये,” ती म्हणाली. “पर न्यायला नको येऊस. ऱ्हायला ये.”

मी परतलो त्याला तीन आठवडे झाले. खाडीकडची खोली तशीच लावलेली आहे. बायकोनं चादरही काढलेली नाही. लांब रजेचा अर्ज मी काल दिला.